गावच्या ग्रुपवरची पोस्ट काढायची कुणी, आणि कुणाला विचारून?

पश्चिमभागकर (प्रश्न)

नमस्कार मंडळी. बेळगाव तालुक्याच्या पश्चिम भागातल्या एका गावाचा व्हॉट्सॲप ग्रुप माझ्या गळ्यात पडलाय. जुना ॲडमिन नोकरीसाठी पुण्याला गेला आणि जाता जाता मला ॲडमिन करून गेला. आता आम्ही तिघं आहोत. माणसं नऊशेच्या वर, १०२४ ची हद्द फार लांब नाही. गावात मराठी घरं जास्त, पण कन्नड घरंही पिढ्यान्‌पिढ्यांची आहेत आणि ती सगळी ग्रुपवर आहेत. कुणी मराठीत लिहितं, कुणी कन्नडमध्ये. पोरं दोन्ही भाषा इंग्रजी अक्षरांत टाइप करतात आणि ते वाचायला तिसरा माणूस लागतो.

रोजचं असतं ते साधंच. हेस्कॉमची लाईट कधी जाणार, रक्षाविसर्जन किती वाजता, रताळ्याला काय दर लागला, कुणाची म्हैस सुटलीय. त्यावर कधी भांडण झालेलं नाही.

भांडण लागलं यात्रेनंतर. एकानं विचारलं, "पट्टी घराघरातून घेतली, जेवणावळी झाल्या, मंडप उठला. हिशेब कधी लागणार?" एवढंच. शिवी नाही, कुणाचं नाव नाही. थोड्या वेळानं बघतो तर पोस्ट गायब. काढणारा आमच्यातलाच एक ॲडमिन, आणि त्याचे सख्खे चुलते पंच कमिटीत. विचारलं तर म्हणतो, "वातावरण बिघडतं." आणि त्याच्याच मेव्हण्याची "एन. ए. प्लॉट विकणे आहे" ही जाहिरात रोज सकाळी देवाच्या फोटोआधी येते, तिनं मात्र वातावरण बिघडत नाही.

दुसरं प्रकरण १ नोव्हेंबरचं, म्हणजे कन्नड लोकांचा राज्योत्सव आणि आपला काळा दिन. एका पोरानं लाठीमाराचा फोटो टाकला, खाली चार जहाल ओळी. फोटो कुठला आणि कधीचा, देव जाणे. आमच्या गल्लीतल्या एका कन्नड घरच्या माणसानं त्याला कन्नडमध्ये तिखट उत्तर दिलं. उत्तर काढलं गेलं, फोटो राहिला. त्या माणसानं गुपचूप ग्रुप सोडला. असं सोडल्याची सूचना फक्त ॲडमिनला येते, म्हणून मला कळलं. आम्ही दूध घालतो ती डेअरी त्यांचीच आहे, रोज पहाटे समोरासमोर येतो. ते काही बोलत नाहीत, फॅट मोजून पावती देतात.

आता सगळ्यांनाच वाटतंय की "आमचीच पोस्ट काढतात". नियम लिहायला बसलो तर वीस कलमं झाली. ती कोण वाचणार? ज्यांनी असे ग्रुप खरंच चालवलेत त्यांनी सांगा, पोस्ट ठेवायची का काढायची हे ठरवायची न्यायाची रीत काय?

कॅम्पवाला

सोप्पं आहे. 'ओन्ली ॲडमिन' करून टाका. आमच्या अपार्टमेंटचा ग्रुप तसाच आहे, दोन वर्षं एक भांडण नाही.

पश्चिमभागकर

साहेब, अपार्टमेंटमध्ये चालत असेल. आमच्यात रात्री दोनला कुणी वारलं तर निरोप टाकायला मला उठवणार का?

फळा_आणि_खडू

मी शहापूरचा. आमच्या मंडळाचा चौकात फळा होता, अजून आहे. बेळगावात गल्लोगल्ली असे फळे असायचे. मंडळाच्या बातम्या, कुणाचं अभिनंदन, कुणाला श्रद्धांजली, कधी महापालिकेला चिमटा. दूध आणायला निघालेला माणूस फळा वाचून पुढं जायचा. माझं अक्षर बरं आणि उंचीही बरी म्हणून बरीच वर्षं मीच तो लिहिला. आता गल्लीच्या ग्रुपचाही ॲडमिन मीच. म्हणून दोन्हीकडचं सांगतो.

फळ्यावर पुसायचा रिवाज ठरलेला होता. ज्यानं लिहिलं त्यानं पुसायचं, नाहीतर मंडळातल्या दोघांनी मिळून. एकट्यानं नाही, मग तो अध्यक्ष का असेना. आणि पुसलेली जागा दिवसभर तशीच मोकळी ठेवायची. लगेच वर सुविचार लिहून झाकायची नाही. मोकळा डाग दिसला की येणारा-जाणारा विचारणार, "काय होतं हो इथं?" मग पुसणाऱ्याला तोंडानं सांगावं लागायचं. ज्याला ते सांगायची लाज वाटायची तो पुसायलाच जायचा नाही. निम्मा मजकूर त्यामुळंच टिकून राहायचा.

व्हॉट्सॲपनं २०२२ पासून ॲडमिनला दुसऱ्याची पोस्ट सगळ्यांसाठी काढायची सोय दिली. काढली की जागेवर ओळ राहते, अमुक ॲडमिननं मेसेज काढला म्हणून, नावासकट. म्हणजे मोकळा डाग त्यांनीच ठेवलाय. फक्त कारण नसतं. ते आपण लिहायचं, लगेच, त्या ओळीच्याच खाली. "पोस्ट मी काढली. त्यात एका घराचं नाव घेऊन चोर म्हटलं होतं. दुसऱ्या ॲडमिनला विचारून काढली. नाव न घेता पुन्हा टाकली तर राहील." शेवटचं वाक्य विसरू नका. काय दुरुस्त केलं की चालेल हे सांगितलं की निम्मा राग तिथंच उतरतो. "वातावरण बिघडतं" हे कारणच नव्हे. वातावरण कशानंही बिघडतं, पावसानंसुद्धा.

आता पट्टीच्या हिशेबाचं. त्याला नियमावली कशाला पाहिजे? ज्याचा चुलता कमिटीत त्यानं त्या पोस्टला हात लावायचा नाही, संपलं. गावच्या पंचांत ज्या पंचाच्या स्वतःच्या बांधाचा तंटा असतो तो त्या दिवशी सतरंजीवर पंचांत बसतो का? समोर बसतो, वादी म्हणून. ॲडमिनला हेच लागू. स्वतःबद्दलची, घरच्यांबद्दलची, आपल्या धंद्याबद्दलची पोस्ट आली की ती दुसऱ्या ॲडमिनकडं द्यायची. मेव्हण्याच्या प्लॉटचंही तेच. जाहिरात ठेवायची का नाही हे मेव्हणा सोडून कुणीही ठरवावं.

भाषेच्या प्रकरणाला मी एक करतो. पोस्ट कागदावर उतरवून घेतो, लिहिणाऱ्याचं नाव गाळून. मग 'मराठी' आहे तिथं 'कन्नड' घालतो आणि 'कन्नड' आहे तिथं 'मराठी'. पुन्हा वाचतो. अंगावर आली तर मूळ पोस्टही जाते, नाही आली तर राहते. मागं एका पोरानं मुंबईतल्या व्हिडिओखाली टाकलं होतं, "इथं राहायचं तर आमची भाषा बोला, नाहीतर चालते व्हा." वर बारा-पंधरा अंगठे. मी अदलाबदल करून त्याला खासगीत पाठवलं. हे वाक्य आपण सरकारी कचेरीच्या काउंटरवर उभं राहून जन्मभर ऐकलंय. तो म्हणाला, "काका, हे तर आपल्यालाच लागू होतंय की." पोस्ट त्यानंच काढली. अंगठे देणारे मात्र माझ्याशी महिनाभर बोलत नव्हते, तेही सांगून ठेवतो.

मत काढायचं नाही. मला सगळ्यात जास्त फोन आले ते ह्या पोस्टवरून: "सीमाप्रश्न आता पुरे, पोरांना चांगलं कन्नड शिकवा आणि नोकऱ्या धरा." लिहिणारा आपलाच, मराठी शाळेत शिकलेला. लोक म्हणाले, काढा, हा फितूर आहे. ठेवली. बेळगाव सीमाभागावरचा महाराष्ट्राचा दावा २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे, आमच्या ग्रुपवर काय त्याचा निकाल लागणार नाही. मग बोलू द्या की. ज्यांना पटलं नाही त्यांनी खाली लिहिलं आणि झकास लिहिलं. एका म्हाताऱ्यानं १९५६ च्या १७ जानेवारीच्या, सीमाप्रश्नावरच्या गोळीबाराच्या, वडिलांकडून ऐकलेल्या आठवणी लिहिल्या. पोस्ट काढली असती तर त्या आल्याच नसत्या.

तापलेले दिवस आपल्याला पाठ आहेत. १ नोव्हेंबर, १७ जानेवारी आणि १ जून हे हुतात्म्यांचे दिवस, आणि डिसेंबरात बेळगावच्या सुवर्णसौधला कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन भरतं तेव्हा. ग्रुपला त्या दिवशीही कुलूप लावू नये असं माझं मत. माणसाला बोलावंसं वाटतं त्याच दिवशी तोंड बांधलं तर तो दुसरा ग्रुप काढतो, आणि तिथं विचारायला कुणी नसतं. मी फक्त फॉरवर्ड बंद ठेवतो. स्वतःचं, स्वतःच्या शब्दांत, काय लिहायचं ते लिहा. दोन बाण लागलेला मेसेज म्हणजे निदान पाच हातांतून फिरून आलेला. तो कुणाचाच नसतो, त्याची जबाबदारी घ्यायला कुणी उभं राहत नाही. फोटो टाकायचा तर खाली लिहायचं, कुठला, कधीचा, कुणी काढला. तुमचा लाठीमाराचा फोटो तिथंच अडला असता, आणि त्या डेअरीवाल्यांवर तिखट उत्तर द्यायची पाळीच आली नसती.

त्यांच्या घरी जाऊन या. मेसेज करू नका.

वकीलसाहेब_खानापूर

फळेकाकांनी जे सांगितलं त्याला आमच्यात नैसर्गिक न्याय म्हणतात. आपल्याच प्रकरणात आपण न्यायाधीश व्हायचं नाही, आणि ज्याच्याविरुद्ध निकाल द्यायचा त्याचं आधी ऐकायचं. ग्रुपला हे कायद्यानं बंधनकारक नाही, पण ह्या दोन गोष्टी पाळल्या तर तक्रारीला जागा राहत नाही.

ॲडमिन लोक कायद्याच्या भीतीनं भराभर पोस्ट काढतात, म्हणून थोडं कायद्याचं. दुसऱ्यानं टाकलेल्या मेसेजला केवळ ॲडमिन आहे म्हणून ॲडमिन जबाबदार ठरत नाही, असं मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठानं २०२१ मध्ये आणि केरळ हायकोर्टानं २०२२ मध्ये म्हटलंय. ॲडमिनचं टाकणाऱ्याशी संगनमत असेल तर गोष्ट वेगळी. हे निकाल आपल्या कर्नाटकाच्या हायकोर्टाचे नव्हेत, पण दाखवायला उपयोगी पडतात. म्हणजे हिशेब विचारणारी पोस्ट राहिली म्हणून कुणी तुम्हाला आत टाकणार नाही. याउलट भारतीय न्याय संहितेच्या कलम १९६ मध्ये दोन गटांत वैर वाढवण्याच्या कारणांत धर्म, जन्मस्थान यांच्याबरोबर भाषा हा शब्द स्पष्ट आहे. तशी पोस्ट डोळ्यांसमोर असताना ठेवू नका, मग ती आपल्या बाजूची असो वा पलीकडची.

"वातावरण बिघडतं" बद्दल. माहिती तंत्रज्ञान कायद्यात ६६-अ होतं, ज्यात 'त्रास होईल असा' मजकूर पाठवला तरी शिक्षा होती. सुप्रीम कोर्टानं २०१५ मध्ये ते रद्द केलं, आणि एक मोठं कारण हेच की असल्या शब्दांना हद्द नाही. कुणाला कशाचाही त्रास होऊ शकतो. देशाच्या कायद्यात जे टिकलं नाही ते तुमच्या ग्रुपच्या नियमात कशाला?

आणखी एक. माणसाला ग्रुपमधून काढायची वेळ आली तर किती दिवसांसाठी ते त्याच वेळी सांगा. अमेरिकेच्या ट्रम्पसाहेबांचं खातं फेसबुकनं जानेवारी २०२१ मध्ये बेमुदत बंद केलं. फेसबुकनंच नेमलेल्या देखरेख मंडळानं मे महिन्यात सांगितलं, तेव्हा बंद केलंत ते ठीक, पण 'बेमुदत' अशी शिक्षा तुमच्या नियमांतच नाही, सहा महिन्यांत नीट ठरवा. एवढ्या मोठ्या कंपनीला मुदत सांगावी लागते, तर गावच्या ॲडमिनलाही लागावी. पंधरा दिवस म्हणा, महिना म्हणा. मुदत संपली की न विचारता परत घ्या. त्याला विनवण्या करायला लावू नका.

निपाणीची_आक्का

तुम्ही सगळे बाप्ये न्यायाचं छान बोलालाय. एक माझं ऐका. आमच्या बचत गटाच्या ग्रुपवर कुणीतरी एका पोरीचा बसस्टँडवरचा फोटो टाकला, कुणाबरोबर उभी होती म्हणून. आता ह्याला दोन ॲडमिनना विचारायचं, टाकणाऱ्याचं ऐकून घ्यायचं, मोकळा डाग ठेवून खाली कारण लिहायचं? तेवढ्यात तो फोटो अकोळपर्यंत पोचतोय बगा. मी काढला आणि टाकणाऱ्याला फोन करून दम दिला. ग्रुपवर एक अक्षर लिहिलं नाही. लिहिलं असतं तर ज्यांनी बघितला नव्हता त्यांनीबी विचारलं असतं, कोणची पोरगी?

आणि दुसरं. तुमच्या तिघा ॲडमिनांत बाई आहे का? नसणारच. मग बायका तक्रार कुणाकडं करणार? रात्री साडेदहाला 'हाय' पाठवणारा कोण आहे हे आम्ही ॲडमिनला सांगायचं आणि तो ॲडमिन त्याचाच दोस्त. आमच्यात तंबाखूच्या वखारीत काम केलेल्या बायका आहेत, तोंडाला कुणी कमी नाहीत. पण पुरुष ॲडमिनला असलं सांगत नाहीत. ग्रुप सोडतात.

फळा_आणि_खडू

आक्कांचं शंभर टक्के बरोबर. फळ्यावर फोटो नसायचे, त्यामुळं आमच्या रिवाजात हे बसत नाही. बाईमाणसाचा, लहान पोराचा, मयताचा किंवा अपघाताचा फोटो, कुणाचा फोन नंबर, बँकेचे कागद: आधी काढा, मग दुसऱ्या ॲडमिनला खासगीत सांगा. ग्रुपवर फक्त "खासगी फोटो होता" एवढं. नाव, गल्ली, काही नाही. बाकी सगळ्याला मात्र दोघांची संमती आणि कारण. ही पहिली यादी छोटीच ठेवा, नाहीतर उद्या पट्टीचा हिशेबही खासगी कागद म्हणून जाईल.

विकीवरचा_गडी

मराठी विकिपीडियावर अधूनमधून लिहितो म्हणून सांगतो. तिथं गप्पांच्या, वादाच्या पानाला 'चावडी' म्हणतात आणि ॲडमिनला 'प्रचालक'. पान बदललं की जुनं रूप 'इतिहास' ह्या कप्प्यात राहतं: कुणी, कधी, काय बदललं. प्रचालकानं अख्खं पान वगळलं तरी त्याची नोंद उघडी असते. बेळगाव का बेळगावी ह्यावर किती ओढाताण होत असेल ते तुम्हीच समजा, पण कुणी गुपचूप काही करू शकत नाही. व्हॉट्सॲपला इतिहास नाही. म्हणून काढायच्या आधी पोस्टचा स्क्रीनशॉट घेऊन ठेवा, फक्त ॲडमिनांच्या वेगळ्या ग्रुपवर. पुढं कुणी म्हणालं "मी असं लिहिलंच नव्हतं" किंवा "माझं निष्कारण काढलं", तर समोर ठेवता येतं. आक्का म्हणतात तसले फोटो तेवढे त्यातूनही वगळा.

कॅम्पवाला

एवढा व्याप असेल तर ग्रुपच बंद केलेला बरा की हो.

निपाणीची_आक्का

तुमचा अपार्टमेंटचा बंदच आहे, त्याला ग्रुप म्हणत्यात होय?

पश्चिमभागकर

सगळ्यांचे आभार. काल तिघा ॲडमिनांना बसवलं. आमच्या शाळेच्या एक बाई आहेत, कुणाच्या अध्यात मध्यात नसतात, त्यांना चौथ्या ॲडमिन म्हणून तयार केलं. त्यांची अट अशी की रात्री नऊनंतर फोन उचलणार नाही. मान्य केली.

हिशेबाची पोस्ट ज्यानं टाकली होती त्याला परत टाकायला सांगितली. टाकली. चुलत्यांचा पुतण्या घुश्शात आहे, पण हात लावला नाही. कमिटीकडून अजून उत्तर नाही. ते माझं काम नव्हे, माझं काम प्रश्न दिसत राहील एवढंच.

डेअरीवाल्या अण्णांकडं गेलो होतो. चहा दिला. ग्रुपचं मी काढलं तर म्हणाले, "तुमचा ग्रुप तुम्हाला, मला वासरं आहेत." परत जाईन पुढच्या आठवड्यात.

वीस कलमं फाडली. ग्रुपवर टाकायला एवढाच मजकूर केलाय, बघून सांगा:

"मत कुणाचंही असो, राहील. नाव घेऊन शिवी, घराण्याची बदनामी, एखाद्या भाषेच्या किंवा जातीच्या लोकांना हाकलायची भाषा काढली जाईल. खासगी फोटो आणि नंबर लगेच काढले जातील. बाकी पोस्ट दोन ॲडमिन मिळून काढतील आणि खाली कारण लिहितील. ॲडमिनच्या स्वतःच्या किंवा घरच्या विषयावर तो ॲडमिन निर्णय घेणार नाही. फॉरवर्ड असेल तर कुठला, कधीचा ते लिहा. जाहिरात फक्त रविवारी. निर्णय पटला नाही तर बाईंना सांगा, त्या पहिल्या दोघांत नसतील तर पुन्हा बघतील."

वकीलसाहेब_खानापूर

चांगलं आहे. "बदनामी" च्या जागी "पुराव्याशिवाय आरोप" करा. नाहीतर हिशेब विचारणं हीच बदनामी असं कमिटी म्हणेल. आणि बाई पहिल्या दोघांत असतील तर पुन्हा कोण बघणार ते लिहिलेलं नाही.

पश्चिमभागकर

खरंच की. मग उरलेले दोघं बघतील, असं घालतो. हे कन्नडमध्येही टाकायचं आहे. माझं कन्नड जमिनीच्या उताऱ्यावरचं नाव आणि क्षेत्र वाचण्यापुरतं. कुणी करून देईल का?

वकीलसाहेब_खानापूर

पाठवा, आज रात्री करून देतो. एक करा, मराठी आणि कन्नड दोन्ही एकाच मेसेजमध्ये टाका. वेगवेगळे टाकलेत तर आधी कुठला आला ह्यावर पहाटेपर्यंत चालेल.